‘क्लीन’ म्हणजे तपासलेलं नव्हे: लिनक्स सुरू होताना फाइल सिस्टिमची खरी तपासणी

मामांच्या कृषी सेवा केंद्रातल्या संगणकावर उबुंटू हे लिनक्स टाकून दिलं ते मीच, त्यामुळे तो रुसला की फोन मलाच येतो. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वळीव कोसळला, वीज दोन-तीनदा गेली-आली, आणि मामांचा फोन वाजला. “आरं, बिल सेव्हच हुईना. रीड-ओन्ली का काय म्हणतंय.” मी काही सांगायच्या आत त्यांनी बटण दाबून धरून मशीन बंदही केलं होतं. पुन्हा लावल्यावर नेहमीचा लॉगिनचा पडदा आलाच नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार-पाच ओळी, शेवटी कंसात ‘इनिटरॅमएफएस’ एवढा शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.

गंमत अशी, की त्याआधी याच मशीनवर सुरू होताना ‘क्लीन’ असा शब्द झळकून जाताना मी कितीतरी वेळा पाहिला होता आणि निर्धास्त झालो होतो. तो शब्द नेमकं काय सांगतो हे मला तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. हा लेख त्याबद्दल आहे: बूट होताना, म्हणजे मशीन सुरू होताना, फाइल सिस्टिमची (डिस्कवर फाइली मांडण्याच्या रचनेची) तपासणी कुठे आणि किती होते, ती सक्तीने कशी करून घ्यायची, आणि मशीन अडकून बसलं तर ‘वाय’ दाबण्याआधी काय बघायचं.

एक सूचना. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवून टंकायच्या. कॅपिटल लागेल तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणं उबुंटू आणि डेबियनची, फाइल सिस्टिम ईएक्सटी४. बाकीच्यांबद्दल शेवटाकडे थोडक्यात.

सुरू होताना प्रत्यक्षात काय तपासलं जातं

फाइल सिस्टिम तपासणारा एफएससीके हा प्रोग्रॅम स्वतः फारसं काही करत नाही. तो मुकादम आहे. पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या आखलेल्या भागावर, कोणती फाइल सिस्टिम आहे ते बघतो आणि त्या-त्या कारागिराला हाक मारतो. ईएक्सटी२, ३ आणि ४ साठी तो कारागीर म्हणजे ई२एफएससीके. पेनड्राइव्हच्या किंवा ईएफआयच्या फॅट पार्टिशनसाठी वेगळा, एक्सएफएससाठी आणखी वेगळा.

प्रत्येक ईएक्सटी४ पार्टिशनच्या सुरुवातीला सुपरब्लॉक असतो. सातबाऱ्यासारखा: क्षेत्र किती, ब्लॉक केवढा, शेवटचं माउंट (वापरासाठी जोडणं) कधी, शेवटची तपासणी कधी, आणि सध्याची स्थिती काय. बूट होताना ई२एफएससीके हा उतारा वाचतो. वीज अचानक गेली असेल तर जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या रोजनिशीत, अर्धवट राहिलेले व्यवहार असतात, ते पूर्ण करून घेतो. पडद्यावर ‘रिकव्हरिंग जर्नल’ असं दिसतं ते हेच. मग स्थितीच्या रकान्यात चूक नोंदलेली नाही असं दिसलं, की ‘क्लीन’ म्हणून फाइल्स आणि ब्लॉक्सचे आकडे छापतो आणि निघून जातो. सगळं मिळून सेकंदभराचं काम. प्रत्यक्ष रानात जाऊन बांध कुणी मोजलेले नसतात, फक्त उतारा वाचलेला असतो.

पूर्वी निदान अधूनमधून मोजणी होत असे. ठरावीक वेळा माउंट झालं किंवा १८० दिवस उलटले, की पूर्ण तपासणी आपोआप सुरू व्हायची. जुन्या लिनक्सवाल्यांना आठवत असेल, नेमकं घाईच्या दिवशी मशीन टक्केवारी मोजत बसायचं. २०११ मध्ये ई२एफएसप्रोग्सची (ई२एफएससीके ज्या संचात येतो त्याची) १.४२ आवृत्ती आली, आणि तेव्हापासून नव्याने बनवलेल्या पार्टिशनवर ही नियतकालिक तपासणी मुळातच बंद असते. जर्नलमुळे तिची गरज कमी झाली हे खरंच आहे. पण जर्नल फक्त अर्धवट राहिलेला व्यवहार सावरतं. डिस्कवरचा एखादा सेक्टर सडला, केबलमधून भलतेच बिट गेले, रॅम बिघडली, तर त्याचा जर्नलला पत्ताही लागत नाही. शिवाय नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये फाइल सिस्टिमच्या रचनेची नोंद असते, फाइलमधल्या मजकुराची नाही. म्हणजे रचना सुखरूप आणि शेवटचं बिल अर्धं, असं होऊ शकतं.

आधी आपल्या मशीनचा उतारा वाचा

टर्मिनल उघडा. कोणतं पार्टिशन कुठे आहे ते ‘एलएसबीएलके -एफ’ने कळतं. समजा रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टिम ज्यावर आहे ते मुख्य पार्टिशन, /डेव्ह/एसडीए२ आहे. मग:

सुडो ट्यून२एफएस -एल /डेव्ह/एसडीए२

इथला ‘एल’ लहान. पन्नासएक ओळी येतील, त्यातल्या सहा बघा: फाइल सिस्टिमची स्थिती, निर्मितीची तारीख, माउंट काउंट, कमाल माउंट काउंट, शेवटच्या तपासणीची तारीख, तपासणीचं अंतर. कमाल माउंट काउंट उणे एक आणि अंतर शून्य असेल, तर नियतकालिक तपासणी बंद आहे.

मामांचं प्रकरण निस्तरून घरी आल्यावर मी माझ्या लॅपटॉपवर ही कमांड चालवली. निर्मितीची तारीख आणि शेवटच्या तपासणीची तारीख एकच होती, मिनिटासकट. पार्टिशन बनवल्यापासून एकदाही कुणी आत डोकावलेलं नव्हतं. तुमच्याकडेही बहुधा हेच दिसेल.

स्थितीच्या रकान्यात ‘क्लीन’ऐवजी ‘क्लीन विथ एरर्स’ दिसलं तर थांबा. याचा अर्थ चालू मशीनमध्ये कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कुठेतरी विसंगती आढळली आणि त्याने ती सुपरब्लॉकमध्ये नोंदवून ठेवली. अशा वेळी उताऱ्याच्या तळाशी एकूण चुका किती, पहिली कधी, शेवटची कधी, हेही येतं. कर्नल याची आठवण लॉगमध्येही करून देतो: माउंट झाल्यावर पाच मिनिटांनी, आणि मग दर चोवीस तासांनी, ‘मागच्या एफएससीकेपासून इतक्या चुका’ अशा अर्थाची ओळ. आपण लॉग उघडत नाही, एवढीच अडचण.

आता तपासणीची यादी. ती /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये असते. प्रत्येक ओळीत सहा रकाने, आणि सहावा आपल्या कामाचा. तिथे १ म्हणजे सगळ्यांत आधी तपासायचं, हा मान रूटचा. २ म्हणजे त्यानंतर. ० म्हणजे बूटच्या वेळी याच्याकडे बघायचंच नाही. मामांच्या मशीनवर बिलांचा डेटा वेगळ्या डिस्कवर होता आणि ती ओळ मीच हाताने लिहिलेली. शेवटी ० ठेवून मोकळा झालो होतो. हाताने लिहिलेल्या ओळींमध्ये ही चूक सर्रास सापडते. घरातल्या ईएक्सटी४ डेटा पार्टिशनला २ द्या. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनला मात्र ० च ठेवा, त्याची खरी दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनेच करावी.

आजच्या बूटला काय झालं हे बघायचं असेल तर ‘जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-एफएससीके*’ चालवा. तारा असलेलं नाव अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर शेल त्याचा भलताच अर्थ लावील. उबुंटू-डेबियनवर रूटची तपासणी त्याही आधी, इनिटरॅमएफएसच्या (रूट माउंट होण्याआधीच्या तात्पुरत्या छोट्या सिस्टिमच्या) टप्प्यात उरकते, त्यामुळे ती इथे सापडणार नाही. तिची नोंद /रन/इनिटरॅमएफएस/एफएससीके.लॉग या फाइलमध्ये. ही फाइल मेमरीत राहते, पुढच्या बूटला पुसली जाते.

सक्तीने तपासणी

एकदाच करायची असेल तर सगळ्यांत सरळ वाट ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची. मशीन सुरू होताना एस्केप दाबा (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा), ग्रबचा मेनू येईल. उबुंटूच्या ओळीवर असताना ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या शेवटी जा, एक जागा सोडून लिहा:

एफएससीके.मोड=फोर्स

त्याच ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द पुसून टाका, म्हणजे काय चाललंय ते दिसेल. मग कंट्रोल-एक्स किंवा एफ१०. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. एफएसटॅबमध्ये सहावा रकाना शून्य नसलेली सगळी ईएक्सटी४ पार्टिशनं आता मुळापासून तपासली जातील.

याचाच जोडीदार आहे एफएससीके.रिपेअर. त्याची मूळ किंमत ‘प्रीन’, म्हणजे निर्धोक चुका आपोआप दुरुस्त करायच्या आणि गंभीर काही आढळलं तर हात न लावता थांबायचं. ‘येस’ दिलं तर सगळं विचारल्याशिवाय दुरुस्त करतो, ‘नो’ दिलं तर काहीच नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या अधिकृत सिस्टिमवर सीएमडीलाइन.टीएक्सटी या फाइलमध्ये ‘येस’ आधीच दिलेलं असतं. पायला बहुतेक वेळा पडदा-कीबोर्ड नसतो, प्रश्न विचारून उत्तर देणार कोण? दुकानातल्या किंवा घरातल्या मशीनवर मी ‘प्रीन’च ठेवतो. गंभीर चूक झाली तर मला ती कळायला हवी.

रूट डिरेक्टरीत ‘फोर्सएफएससीके’ नावाची रिकामी फाइल बनवायची ही जुनी युक्ती अजून खूप ठिकाणी सांगितली जाते. सिस्टमडीच्या (बूट सांभाळणाऱ्या आजच्या प्रोग्रॅमच्या) काळात तिच्यावर विसंबू नका.

नियमित तपासणी हवी असेल तर ट्यून२एफएसकडे या:

सुडो ट्यून२एफएस -सी ३० -आय ३एम /डेव्ह/एसडीए२

म्हणजे ३० वेळा माउंट झाल्यावर किंवा तीन महिने उलटल्यावर, जे आधी होईल तेव्हा. इथला ‘सी’ लहान आहे आणि हे महत्त्वाचं आहे: मोठा ‘सी’ सध्याचा माउंट काउंट बदलतो, कमाल नव्हे. पार्टिशन माउंट असतानाही ही कमांड बिनधास्त चालते, कारण ती फक्त सुपरब्लॉकमधले आकडे बदलते. एकापेक्षा जास्त पार्टिशनं असतील तर आकडे वेगवेगळे द्या, ३० आणि ३७ असे, नाहीतर एके दिवशी सगळ्यांची पाळी एकदम येते. लॅपटॉप बॅटरीवर चालू असेल तर ई२एफएससीके ही मर्यादा दुप्पट धरतो, म्हणून तिसाव्या बूटला काही झालं नाही तर घाबरू नका, चार्जर लावून बघा.

काळ्या पडद्यावर अडकलात तर

मामांच्या मशीनकडे परत येऊ. कर्सरच्या वर जे लिहिलं होतं त्याचा मतितार्थ असा: /डेव्ह/एसडीए२ वर अनपेक्षित विसंगती आहे, एफएससीके हाताने चालवा, एफएससीके ४ या कोडने बाहेर पडला.

हे कोड पाठ करायची गरज नाही, पण तीन लक्षात असू द्या. १ म्हणजे चुका होत्या, दुरुस्त झाल्या. २ म्हणजे दुरुस्त झाल्या, आता रीबूट करा. ४ म्हणजे चुका तशाच राहिल्या. कधीकधी यांची बेरीजही येते. ८ आला तर तपासणीच धड होऊ शकली नाही: पार्टिशन सापडलं नाही, वाचता आलं नाही असं काहीतरी.

इनिटरॅमएफएसच्या या ठिकाणी रूट पार्टिशन माउंट झालेलं नसतं, म्हणून तपासणीला ही जागा सुरक्षित. बहुतेकजण इथे लगेच ‘एफएससीके -वाय’ ठोकतात. मीही पूर्वी तेच करायचो. आता पहिली कमांड वेगळी असते:

डीएमईएसजी

आणि तिच्या शेवटच्या पानभर ओळी वाचायच्या. तिथे ‘आय/ओ एरर’ असे शब्द, एटीएच्या ओळी, लिंक रीसेट असलं काही दिसत असेल, तर दुखणं फाइल सिस्टिमचं नाही, खालच्या डिस्कचं किंवा केबलचं आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर दुरुस्ती चालवली, की ई२एफएससीके भरपूर वाचतो, भरपूर लिहितो, आणि वाचता न आलेल्या आयनोडना (फाइलींची माहिती ठेवणाऱ्या नोंदींना) चुकीचं समजून त्यांची नोंदच पुसू शकतो. जो डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता आला असता तो अशाने हातचा जातो.

डीएमईएसजीमध्ये तसं काही नसेल तर पुढे जा:

एफएससीके -एफ /डेव्ह/एसडीए२

एकेक प्रश्न येईल. पहिले आठ-दहा वाचून उत्तर द्या, प्रश्नांचा सूर कळतो. मोजणीतल्या किरकोळ चुका, अनाथ आयनोड, मोकळ्या ब्लॉक्सचे चुकलेले आकडे एवढंच असेल तर ‘ए’ दाबलं की पुढच्या सगळ्यांना होकार जातो. पण बेकायदा ब्लॉक क्रमांक, एकाच ब्लॉकवर दोन फाइलींचा दावा, अशा तक्रारींची रांगच लागली तर कंट्रोल-सी दाबून बाहेर या.

तपासणीचे पाच फेरे असतात. पहिल्यात सगळे आयनोड आणि त्यांचे ब्लॉक, दुसऱ्यात डिरेक्टरींची रचना, तिसऱ्यात प्रत्येक डिरेक्टरी रूटपर्यंत पोचते का, चौथ्यात एकेका फाइलला किती नावं आहेत त्याचा हिशोब, पाचव्यात मोकळ्या-भरलेल्या जागेचा ताळेबंद. पहिला फेरा सगळ्यांत जास्त वेळ खातो. तो चालू असताना पडदा बराच वेळ हलत नाही, आणि नेमकं तेव्हाच माणसं वैतागून बटण दाबतात. दाबू नका. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

संपल्यावर ‘एक्झिट’ टंका, बूट पुढे सरकेल. मी एकदा ‘रीबूट -एफ’ करून पूर्ण नव्याने सुरू होताना बघतो.

संशय असेल तर लाइव्ह यूएसबीवरून

डिस्कबद्दल शंका आली असेल, किंवा प्रश्नांची रांग पाहून बाहेर आला असाल, तर उबुंटूच्या लाइव्ह (डिस्कवर न टाकता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. ‘डिस्क्स’ हे अ‍ॅप उघडा, डावीकडे डिस्क निवडा, तीन टिंबांच्या मेनूत स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, असतो. टर्मिनल आवडत असेल तर स्मार्टमॉनटूल्स टाकून ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’. साटा डिस्कवर तीन ओळी वाचा. ५ क्रमांकाची, बदलून टाकलेले सेक्टर. १९७, वाचायला त्रास देणारे, निकाल प्रलंबित असलेले सेक्टर. आणि १९९, सीआरसी चुका. ५ आणि १९७ वाढत असतील तर डिस्क चालली. १९९ वाढत असेल आणि बाकीचे दोन शून्य असतील, तर डिस्क धडधाकट असून तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेत गडबड आहे, बहुतेक वेळा साटा केबल. १९९ चा आकडा केबल बदलली तरी शून्यावर येत नाही. तो लिहून ठेवायचा आणि वाढतोय का ते बघायचं.

डिस्क चालली असेल तर दुरुस्ती नको, आधी प्रत काढा. जीएनयूचं डीडीरेस्क्यू त्यासाठीच आहे. मूळ डिस्क, प्रतीची फाइल आणि मॅपफाइल या तीन गोष्टी या क्रमाने द्यायच्या. प्रत आणि मॅपफाइल अर्थातच दुसऱ्या, पुरेशी जागा असलेल्या डिस्कवर. जे सहज वाचता येतं ते आधी उचलायचं आणि हट्टी भागांना नंतर हात घालायचा, अशी त्याची रीत. मॅपफाइल असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. एफएससीके मग त्या प्रतीवर चालवा.

डिस्क ठीक असेल तर लाइव्हवरून शांतपणे तपासा. पार्टिशन माउंट झालेलं नाही ना, हे एलएसबीएलकेने आधी बघा. फाइल मॅनेजरमध्ये त्यावर नुसतं क्लिक केलं तरी ते माउंट होतं. माउंट असलेल्या पार्टिशनवर दुरुस्ती चालवणं म्हणजे चालत्या बैलगाडीचं चाक काढणं. ई२एफएससीके तुम्हाला मोठ्या अक्षरात, तारे मारून बजावतो. त्यालाही ‘हो’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत.

पहिली फेरी फक्त बघण्याची:

सुडो ई२एफएससीके -एफ -एन /डेव्ह/एसडीए२

‘एन’ असताना तो काहीच लिहीत नाही. जर्नलही पूर्ण करत नाही, त्यामुळे इथे दिसणाऱ्या काही चुका नुसत्या जर्नल पूर्ण होण्याने जाणाऱ्या असतात. आकडा पाहून हबकू नका. दुसरी फेरी दुरुस्तीची, पण परतीची वाट ठेवून:

सुडो ई२एफएससीके -एफ -झेड /मीडिया/पेनड्राइव्ह/परत.ई२अनडू /डेव्ह/एसडीए२

फाइलचा मार्ग आणि नाव तुमच्या सोयीचं द्या, फक्त ती दुसऱ्या डिस्कवर हवी. ‘झेड’ लहान. जे-जे ब्लॉक बदलणार त्यांची जुनी नक्कल त्या फाइलमध्ये जाते आणि दुरुस्ती अंगाशी आली तर ई२अनडू ती परत फिरवतो. १.४३ आवृत्तीपासून ही सोय आहे, पण वापरताना फारसं कुणी दिसत नाही. पुढची टक्केवारी बघायची असेल तर ‘मोठा सी, जागा, शून्य’ हेही जोडा. इथे मोठा सी प्रगती दाखवतो आणि लहान सी खराब ब्लॉक शोधायला लावतो, ज्याला डिस्कच्या आकाराप्रमाणे तासन्‌तास लागतात. ट्यून२एफएसमध्ये याच अक्षरांचे अर्थ वेगळे. ज्याने कुणी ही अक्षरं वाटली त्याला आमच्या मामांचा नमस्कार.

सुपरब्लॉकमधली खूण चुकीची आहे असा निरोप आला तर आधी स्वतःची चूक तपासा: एसडीए२ ऐवजी नुसतं एसडीए लिहिलंय का, किंवा पार्टिशन मुळात एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी मांडणी) किंवा लक्सचं (एन्क्रिप्ट केलेलं) आहे का. लक्स असेल तर क्रिप्टसेटअपने उघडून, एलव्हीएम असेल तर ‘व्हीजीचेंज -ए वाय’ने जागं करून आतल्या व्हॉल्यूमवर तपासणी करायची. तसं काही नसेल तर सुपरब्लॉकच्या प्रती वापरा. चार केबीच्या ब्लॉकला पहिली प्रत ३२७६८ व्या ब्लॉकवर असते, पुढची ९८३०४ वर:

सुडो ई२एफएससीके -बी ३२७६८ /डेव्ह/एसडीए२

प्रतींच्या जागा शोधायला ‘एमकेई२एफएस -एन’ चालवा असा सल्ला बरेचजण देतात. सल्ला बरोबर आहे, पण रात्री दोन वाजता, घाबरलेल्या अवस्थेत, तो ‘एन’ विसरलात तर तीच कमांड पार्टिशन फॉरमॅट करते. मी ती सुचवत नाही. मशीन धड असताना ‘डम्पई२एफएस’चं आउटपुट एका फाइलमध्ये काढून दुसरीकडे ठेवा, प्रतींच्या सगळ्या जागा त्यात असतात.

दुरुस्तीनंतर लॉस्ट+फाउंड उघडा, सुडो लागेल. ज्यांचं नाव हरवलं पण अंग शाबूत राहिलं अशा फाइली तिथे # आणि आयनोड क्रमांक अशा नावाने पडलेल्या असतात. ‘फाइल’ या कमांडने त्यातलं पीडीएफ कोणतं, चित्र कोणतं ते कळतं. मामांची सतरा बिलं मला अशीच मिळाली.

सगळाच दोष एफएससीकेचा नसतो

‘इमर्जन्सी मोड’ असा निरोप आला म्हणजे फाइल सिस्टिम फुटलीच असं नाही. बाहेरची डिस्क काढून ठेवली आणि एफएसटॅबमधली ओळ तशीच राहिली, तर सिस्टमडी दीड मिनिट वाट बघतो आणि मग इथे आणून सोडतो. मागे स्क्रोल करून ‘जर्नलसीटीएल -एक्सबी’त कोणत्या युनिटने मान टाकली ते वाचा. अशा डिस्कच्या ओळीत चौथ्या रकान्यात ‘नोफेल’ लिहून ठेवा. या मोडमध्ये रूट बहुधा माउंट असतं, म्हणून त्याची दुरुस्ती इथे करू नका. बाकीची पार्टिशनं अनमाउंट करून तपासता येतात. काही वितरणांत रूट खातं कुलूपबंद असल्याने आतच जाता येत नाही. मग लाइव्ह यूएसबी.

जुन्या डेस्कटॉपवर आणखी एक फसवणूक: शेवटच्या माउंटची वेळ भविष्यातली आहे अशी तक्रार. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, संपला की घड्याळ मागे जातं, आणि फाइल सिस्टिमला वाटतं आपल्याला उद्या माउंट केलं होतं. सेल बदलला की तक्रार जाते.

एक्सएफएस वापरत असाल, आणि रेड हॅट एंटरप्रायझ लिनक्सवर २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून मूळ निवड तीच आहे, तर वरचं बरंचसं लागू नाही. बूटच्या वेळचा त्याचा एफएससीके जाणूनबुजून काहीच करत नाही; जर्नल माउंट होताना सावरतं. दुरुस्ती एक्सएफएस_रिपेअरने, अनमाउंट करून, आधी ‘-एन’ लावून. त्याचा मोठा ‘एल’ जर्नल पुसून टाकतो, तो अगदी शेवटचा उपाय. फेडोराच्या डेस्कटॉपवर २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून बीटीआरएफएस आहे. तिथे चालू मशीनवरच ‘बीटीआरएफएस स्क्रब स्टार्ट /’ चालवा, तो प्रत्येक ब्लॉकचा चेकसम पडताळतो. ‘बीटीआरएफएस चेक’ला ‘रिपेअर’ जोडायचा मोह मात्र आवरा.

आणि मशीन गोठलं तर मामांसारखं बटण दाबून धरू नका. ऑल्ट आणि सिसआरक्यू, म्हणजे प्रिंट स्क्रीनचं बटण, धरून क्रमाने एस, यू, बी दाबा, प्रत्येकामध्ये दोन-तीन सेकंद थांबून. पहिलं मेमरीतलं डिस्कवर उतरवतं, दुसरं सगळं रीड-ओन्ली करतं, तिसरं रीबूट. उबुंटूवर ही तिन्ही अक्षरं मुळातच चालू असतात. दुकानात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचा स्विच ‘यूपीएस’कडे आहे का तेही बघा, साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ काही डेस्कटॉपना पुरत नाही.

मामांच्या मशीनवर मी दोन दिवसांत दोनदा एफएससीके चालवला. दोन्ही वेळा सगळं दुरुस्त झालं आणि दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत पुन्हा रीड-ओन्ली. तेव्हा कुठे स्मार्ट डेटा बघायचं सुचलं. ५ शून्य, १९७ शून्य, १९९ चा आकडा चार अंकी. कॅबिनेट उघडलं तर साटा केबल डिस्कच्या बाजूला अर्धी बाहेर आलेली, वर खताच्या पोत्यांची धूळ. नवी केबल, शंभरभर रुपये. आता रूटला ३० आणि बिलांच्या डिस्कला ३७ लावून ठेवलं आहे, एफएसटॅबमधल्या शून्याचे दोन केले आहेत, आणि कॅबिनेटवर चिकटपट्टीने १९९ चा त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवला आहे.

परवा फोन आला. “आज लई येळ लावतंय रं, टक्के मोजतंय.”

“मोजू द्या मामा. बटणाला हात लावू नका.”

“न्हाई लावत. चा पिऊन येतो.”